संबोधन

सकाळी साडेसातला भांडी बाजूला सारून
ओट्याशेजारचं टेबल मी फडक्यानं पुसते
आणि शाळा भरते.
पटावर दोन नावं : तबिथा, वय आठ. आमोस, सव्वापाच.
तिसरी मी. माझंही यंदा पहिलंच वर्ष.

कुपवाडला कामावर निघताना सुहासनं विचारलं,
“आज काय?”
“आक्वा,” आमोस म्हणाला. “म्हणजे पाणी.”
“मग आधी नळ बघा,” म्हणून तो गेला.

वखारभागातल्या या गल्लीत आमचं घर सगळ्यांना माहीत :
शाळा बुडवलेल्या पोरांचं घर.
शहापुरेकाकू खिडकीतून विचारतात,
“अगं, हे लॅटिन कुठल्या राज्यात बोलतात?”
“कुठंच नाही, काकू.”
“मग बरंय. चुका काढायला कोणी येणार नाही.”

त्यांना कसं सांगू,
शाळेच्या व्हॅनमधून उतरताना तबिथाचा चेहरा
पिळून वाळत टाकलेल्या मोज्यासारखा दिसायचा.
किंवा हे, की मलाच हवं होतं कधीतरी
कुणी शब्दांची हाडं हातात देऊन
हळूहळू शिकवणं.
आधी पाठांतर, मग ‘का’, मग नीट बोलणं,
पुस्तकात अशा तीन पायऱ्या सांगितल्यात.
आम्ही पहिलीवर बसून पाय हलवतोय.

आधी प्रार्थना. मग प्रश्नोत्तरं :
तुला कोणी निर्माण केलं? देवानं.
आणखी काय काय निर्माण केलं? सगळं.
“झुरळंपण,” आमोस दरवेळी जोडतो.
मग आक्वा, आक्वाम.
प्रथमा, द्वितीया.
मिरजेला चर्चमागच्या खोलीत पप्पांनी
माझ्याकडून घोकून घेतलेलं स-ला-ते, स-ला-ना-ते
आहे त्या चालीवर रोममध्ये जाऊन येतं.

शेवटी संबोधन.
“म्हणजे हाक मारायची विभक्ती,” मी म्हणाले.
“पाण्याला कोण हाक मारतं?” आमोस हसत सुटला.
तबिथा हसली नाही.
टेबलाच्या वर हातभर, भिंतीवर
एकोणीसच्या पुराची रेघ आहे.
दोनदा रंग दिला, दोनदा ती परत आली.
“तू मारली होतीस ना? पप्पा सांगतात.
मी त्यांच्या खांद्यावर होते
आणि तू जिन्यावरून म्हणत होतीस, पाण्या, थांब.”

मी पुस्तकात बोट घातलं.
लॅटिनमध्ये सोपं आहे, म्हणाले.
हाक मारली तरी आक्वा आक्वाच राहतं.
आणि देऊस? तोही तसाच. देऊस.
तिनं वहीत दोन रकाने पाडले.
इकडे देऊस, देऊस.
तिकडे देव, देवा.
“म्हणजे आपल्यात हाक मारली की तो बदलतो?”
“नाव बदलतं. तो नाही.”
उत्तर तयारच होतं माझ्याकडे,
धुतलेल्या पेल्यासारखं पालथं घालून ठेवलेलं.

“आयर्विन पुलाजवळ पाणी पंचेचाळीस फुटांच्या वर गेलं,
तेव्हा तू देवा म्हणालीस.
तेव्हापण नुसतं नावच बदललं?”

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.
ही तिसऱ्या पायरीची पोर
पहिल्या पायरीवर काय करतेय?
पुढच्या वर्षाच्या धड्यातलं एक क्रियापद
मी आजच काढलं : नेस्किओ.
“म्हणजे?”
“मला माहीत नाही.”
“तुला माहीत नाही, का त्याचा अर्थ माहीत नाही?”
“दोन्ही तेच.”
तिघांनी ते तीनदा म्हटलं.
आमोसनं सगळ्यात मोठ्यानं,
त्याला ते जमलं याचाच आनंद.

तेवढ्यात मोरीतला नळ खोकला.
“ए पाण्या!” करत आमोस बादली घेऊन पळाला
आणि काकू पलीकडून, “हे कुठलं रे लॅटिन?”

दुपारी दोघं झोपल्यावर वह्या तपासल्या.
‘देवा’मधला काना
खालच्या चार ओळी ओलांडून गेलाय,
आणि त्याच्यावर बारीक आडव्या रेघा, शेजारी आकडे,
फुटांचे.
शुद्धलेखनात ही चूक.
लाल पेन उघडलं होतं.
टोपण शोधायला बराच वेळ लागला.